बाबासाहेबांचे अशील र. धों. कर्वे

आम्हा बोर्ली पंचतनकरांना मुरूड म्हटलं की जंजिराच आठवतो. बाणकोट खाडीपलीकडे दापोलीतही एक मुरूड आहे. तिथे १८८२ साली रघुनाथ धोंडो कर्वे जन्मले. गणिताचे प्राध्यापक. १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं, पुढे नोकरी गेली. जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक पदरमोड करून चालवलं. कामसुखावर बाईचाही हक्क आहे, हे ते लिहीत राहिले.

१९३४ मध्ये वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून खटला झाला. वकील बाबासाहेब. विषय लैंगिक म्हणून लिखाण अश्लील ठरत नाही, हा त्यांचा मुद्दा. कोर्टाने ऐकलं नाही, दंड झाला. जयंतीच्या भाषणांत हा खटला क्वचितच येतो, हे आम्हाला खटकतं.

कर्वे हयात असतानाच, १९५० मध्ये, डॉ. ए. पी. पिल्ले मुंबईतून काढत असलेल्या इंग्रजी नियतकालिकात जर्मन डॉक्टर ग्राफेनबर्ग यांनी स्त्रीच्या स्खलनावर लेख लिहिला. तो द्रव मूत्रमार्गाजवळच्या ग्रंथींचा की मूत्राशयातला, हा वाद अजून चालू आहे. दोन्ही प्रकार आढळलेत. आपल्याकडे मात्र बाई त्याला आजार समजून गप्प बसते. विचारणार कुणाला?

कर्वे १४ ऑक्टोबर १९५३ रोजी गेले. मासिक तोवर चालूच होतं.