विश्वेश्वरय्यांची महाराष्ट्रातील चोवीस वर्षे

दर वर्षी १५ सप्टेंबरला अभियंता दिन साजरा होतो. सरकारी कचेऱ्यांत आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत मैसुरी फेट्यातील एका करारी चेहऱ्याच्या छायाचित्राला हार घातला जातो, रेल्वेच्या डब्यात बसल्या बसल्या रूळ तुटल्याची चाहूल लागल्याची ती कथा पुन्हा एकदा सांगितली जाते आणि सभा संपते. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्याविषयी अशा आख्यायिकांची कमतरता नाही. कमतरता आहे ती त्यांच्या प्रत्यक्ष कामाच्या माहितीची, आणि त्यातही त्यांनी मुंबई इलाख्यात काढलेल्या चोवीस वर्षांच्या माहितीची. म्हैसूरचे दिवाण आणि कृष्णराज सागर धरणाचे शिल्पकार म्हणून देश त्यांना ओळखतो. मात्र ज्या प्रयोगांच्या बळावर ते तेथवर पोहोचले, ते धुळे, सक्कर, खडकवासला आणि नीरेच्या कालव्यांवर झाले होते.

कर्नाटकातील चिक्कबळ्ळापूरजवळच्या मुद्देनहळ्ळी या खेड्यात त्यांचा जन्म झाला. साल १८६० की १८६१ याबाबत चरित्रकारांत एकमत नाही. वडील संस्कृतचे जाणकार होते. घरची स्थिती बेताची होती. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपल्यावर बंगळुरात शिकवण्या करून त्यांनी १८८१ साली बी. ए. ची पदवी मिळविली. म्हैसूर संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये दाखल झाले. आजचे सी. ओ. ई. पी. ते हेच. १८८३ साली अंतिम परीक्षेत ते इलाख्यात पहिले आले आणि त्या काळच्या प्रथेप्रमाणे थेट सरकारी नोकरीत रुजू झाले. १८८४ साली नाशिक येथे सहाय्यक अभियंता म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि लवकरच खानदेशात बदली झाली.

धुळ्याजवळ दातर्ती येथे त्यांच्यावर पहिली अवघड कामगिरी आली. पाटाचे पाणी एका ओढ्यापलीकडे न्यायचे होते. ओढ्यावरून पूल बांधून पाट नेण्याऐवजी ओढ्याच्या तळाखालून नळ टाकून पाणी पलीकडे चढवायचे, म्हणजे सायफन करायचा, असे ठरले. पावसाळ्यात ओढा भरून वाहू लागला की खोदलेले चर गाळाने बुजत. काम पुरे झाले खरे, पण भारतातील नदी-नाले पाठ्यपुस्तकातल्या नद्यांसारखे वागत नाहीत, हा धडा या तरुण अभियंत्याला अगदी आरंभीच मिळाला.

याच पांझरा, मोसम आणि गिरणेच्या खोऱ्यांत शतकानुशतके चालत आलेली फड पद्धती आहे. नदीवर छोटा बंधारा, त्यातून निघालेला पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड अशी तिची रचना असते. एका फडात एका हंगामात एकच पीक. ऊस या वर्षी या फडात, तर पुढे दुसऱ्या फडात. प्रत्येक शेतकऱ्याची थोडी थोडी जमीन शक्यतो सर्व फडांत, त्यामुळे पाणी कमी पडले तर झळ सर्वांनाच बसते. पाणी सोडायचे पाटकऱ्याने, राखणीला जागल्या. विश्वेश्वरय्यांच्या पुढील कामाशी या पद्धतीचे साम्य कोणाच्याही नजरेत भरेल. ते नाते त्यांनी जाणून जोडले की योगायोगाने जुळले, हा वाद अभ्यासकांवर सोपविलेला बरा.

१८९०च्या दशकात सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. सिंधू नदीकाठच्या सक्कर शहरात गढूळ पाण्याचा प्रश्न गंभीर होता. पाणी उपसून टेकडीवर चढविण्याची योजना होती. पण ते गाळण्यासाठी वाळूच्या गाळण्या बांधायला नगरपालिकेपाशी पैसा नव्हता. विश्वेश्वरय्यांनी नदीलाच गाळणी बनविले. पात्राच्या वाळूत विहीर खणून तिच्यात झिरपून येणारे पाणी त्यांनी भुयारी मार्गाने पंपांपर्यंत आणले. वाळूच्या थरांतून आलेले पाणी आपोआप स्वच्छ होत असे. १८९५ साली ही योजना पूर्ण झाली. पर्यावरण अभियांत्रिकी हा शब्दही तेव्हा कोणाच्या कानावर नव्हता. पण निसर्गाची प्रक्रिया ओळखून तिलाच कामाला लावायचे, हे या शास्त्राचे मर्म त्या विहिरीत होते.

१८९९ साली ते पुणे विभागात पाटबंधाऱ्यांचे कार्यकारी अभियंता झाले. हा काळ साधा नव्हता. प्लेगने पुणे हवालदिल झाले होते आणि १८९९-१९०० च्या दुष्काळाने दख्खन होरपळून निघाले. शहराला व लष्करी छावणीला पाणी पुरविणाऱ्या खडकवासल्याच्या धरणाचे, म्हणजे तेव्हाच्या फाइफ तलावाचे, पाणी उन्हाळ्यात अपुरे पडू लागले होते. पावसाळ्यात मात्र मुठेचा पूर सांडव्यावरून सहा ते आठ फूट उंचीने वाहून जाई. जे पाणी डोळ्यांदेखत वाहून जाते तेच एप्रिल-मेमध्ये हवे असते. भिंत उंच करणे हा उघड उपाय होता, पण तो खर्चिक होता, आणि जुन्या भिंतीवर वाढीव भार टाकणे धोक्याचेही होते.

विश्वेश्वरय्यांनी भिंतीला हात लावला नाही. त्यांनी सांडव्यावर लोखंडी दरवाजे बसविले. हे दरवाजे बंद असेपर्यंत तलावात जुन्या सांडव्याच्या पातळीपेक्षा सुमारे आठ फूट अधिक पाणी राही. पूर्वीच्या सर्वांत मोठ्या पुराची पातळी पाण्याने गाठली की समतोल वजनांच्या योजनेमुळे ते आपोआप उघडत; पूर ओसरला की आपोआप मिटत. रात्री-अपरात्री मुसळधार पावसात कोणी चाकाला हात घालण्याची गरज नव्हती. ज्या पाण्यापासून धोका होता तेच पाणी ठरलेल्या क्षणी दरवाजा उघडी. १९०३ साली हे दरवाजे कार्यान्वित झाले आणि धरणाचा साठा सुमारे पाव हिश्श्याने वाढला. या रचनेचे पेटंट त्यांनी घेतले होते. पुढे ग्वाल्हेरजवळच्या तिघ्रा धरणावर आणि कृष्णराज सागरावरही अशी स्वयंचलित दारे बसली. तिघ्रा धरण १९१७ साली फुटले. तेथे पायाखालचा वालुकाश्म दगा देऊन गेला होता. गौरवग्रंथांतून ही घटना सहसा गाळली जाते. तशी ती गाळण्याचे कारण नाही, कारण दरवाजा कितीही कुशल असला तरी पाया न तपासता धरण उभे राहत नाही, हे त्यातून कळते.

यंत्राचा प्रश्न असा सुटला, पण माणसांचा सुटणे अवघड होते. नीरा डावा कालवा १८८५ पासून वाहू लागला होता. भाटघरच्या धरणाचे पाणी त्यात येई. पावसाच्या वर्षी कोरडवाहू शेतकरी कालव्याचे पाणी घेत नसे. दुष्काळात मात्र सारेच मागत. कालव्याच्या वरच्या अंगाला राहणारे बागायतदार वर्षानुवर्षे उसाला हवे तितके पाणी देत आणि खालच्या, टेलच्या गावांपर्यंत धारही पोहोचत नसे. वरच्या गावांत जमिनी पाणथळ होऊन खारवट बनत, डासांमुळे हिवतापाचा उपद्रव होई. खालची गावे कोरडीच. एकाच पाण्याने काहींची जमीन बिघडत होती आणि काहींची तहान भागत नव्हती.

यावर विश्वेश्वरय्यांनी गटवार सिंचनाची, म्हणजे ब्लॉक पद्धतीची, योजना मांडली. तिचा गाभा असा: पाणी थोड्या गावांत एकवटू द्यायचे नाही, ते अनेक गावांत वाटायचे. प्रत्येक गावात योग्य जमिनीचा एक गट निवडायचा. त्या गटाच्या काही भागात उसासारखे बारमाही पीक, उरलेल्या भागात हंगामी पिके, आणि पुढील वर्षी जागांची अदलाबदल. पाणी मोजून, ठरल्या दिवशी, पाळीपाळीने द्यायचे. फेरपालटामुळे जमिनीला विश्रांती मिळेल, पाणथळ वाढणार नाही आणि गटातील शेतकऱ्याला काही वर्षांची पाण्याची हमी मिळेल, असे हे गणित होते.

गणित बिनचूक होते, म्हणूनच विरोध झाला. ज्यांना आजवर न मोजता पाणी मिळत होते त्यांना मोजमाप जाचक वाटले. विश्वेश्वरय्यांनी बागायतदारांच्या सभा घेतल्या, योजनेचे तपशील त्यांच्यापुढे मांडले, काही बाबतींत मुरडही घातली. सर कॉलिन स्कॉट-मॉनक्रिफ यांच्या अध्यक्षतेखालील सिंचन आयोगापुढेही त्यांनी आपली बाजू मांडली आणि नीरेच्या कालव्यांवर पद्धत सुरू झाली. मात्र ऊस आवरला गेला असे म्हणता येणार नाही. ब्लॉक हा शब्द महाराष्ट्राच्या पाटबंधारे खात्यात आणि कायद्यात पुढे अनेक दशके टिकला. त्यामागील समान वाटपाचा आग्रह मात्र तेवढा टिकला नाही. सिंचनातील अशा प्रश्नांचा शास्त्रीय अभ्यास करण्यासाठी मुंबई सरकारने १९१६ साली खास विभाग काढला. त्यातूनच पुढे खडकवासल्याची केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था उभी राहिली.

यानंतर ते इलाख्याचे स्वच्छता अभियंता झाले. शहरोशहरींच्या पाणीपुरवठ्याच्या व सांडपाण्याच्या योजना त्यांच्या हाताखालून गेल्या. १९०६ साली त्यांना एडनला पाठविण्यात आले. जेथे पाऊस जवळजवळ पडतच नाही अशा त्या लष्करी बंदरासाठी त्यांनी लाहेज भागातील नदीच्या पात्राखालचे पाणी आणण्याचा सल्ला दिला. सक्करची विहीर येथे पुन्हा उपयोगी पडली.

आणि मग एक भिंत आडवी आली. अनेक ज्येष्ठांना मागे टाकून ते अधीक्षक अभियंत्याच्या दर्जापर्यंत पोहोचले होते. सहकाऱ्यांत कुरबूर होती. मुख्य अभियंत्याचे पद त्या काळी भारतीयाला मिळणे शक्य नव्हते, हे त्यांना स्वच्छ दिसत होते. न्यायमूर्ती रानडे आणि गोखले यांच्या पुण्यात वावरलेल्या या माणसाने त्यावर कटुतेचा एक शब्दही जाहीरपणे काढला नाही. १९०८ साली मुदतीपूर्वीच सेवानिवृत्ती मागितली आणि ते युरोप-अमेरिकेच्या प्रवासाला निघून गेले. मुंबई सरकारने आपला सर्वांत कर्तबगार अभियंता असा हातचा घालविला.

त्याच वर्षी २८ सप्टेंबरला हैदराबादेत मुसी नदीला प्रलयंकारी पूर आला आणि हजारो माणसे दगावली. निजाम सरकारने परदेशात असलेल्या विश्वेश्वरय्यांना बोलावले. १९०९ मध्ये त्यांनी काम सुरू केले ते पुराची कारणे शोधण्यापासून. मुसीच्या खोऱ्यात ७८८ तलाव होते आणि त्यांपैकी २२१ फुटले होते, असे त्यांना आढळले. एक तलाव फुटला की त्याचा लोंढा खालच्या तलावावर आदळे आणि संकट गुणाकाराने वाढे. नदीकाठी भिंती बांधून भागणार नाही. शहराच्या वरच्या अंगाला मुसीवर आणि तिची उपनदी ईसीवर जलाशय बांधून पूर तेथेच अडवावा, असा अहवाल त्यांनी दिला. त्यातून १९२० साली उस्मान सागर आणि १९२७ साली हिमायत सागर पूर्ण झाले. पुराचे पाणी अडविणारे हे तलावच शहराच्या पिण्याच्या पाण्याचे साठे झाले. शहरासाठी भुयारी गटारांचा आराखडाही त्यांनी करून दिला.

बीड जिल्हा तेव्हा याच निजाम राज्यात होता. राजधानीला विश्वेश्वरय्यांची योजना लाभली. मराठवाड्याच्या कोरडवाहू गावांना मोठ्या धरणासाठी स्वातंत्र्यानंतर कित्येक वर्षे थांबावे लागले. जायकवाडीची पायाभरणी १९६५ साली झाली. तिच्या दुसऱ्या टप्प्यात सिंदफणेवर माजलगावचे धरण झाले आणि दिंद्रुड, तेलगाव, माजलगाव या टापूत उसाची भाषा सुरू झाली. नीरेकाठी शतकापूर्वी उठलेला प्रश्न येथे पुन्हा उभा राहिला: धरणातले मोजके पाणी थोड्यांच्या बारमाही पिकाला द्यायचे की पुष्कळांच्या ज्वारी-हरभऱ्याला? याला आणखी एक कडू बाजू आहे. ज्या कालव्यांवर विश्वेश्वरय्या उसाला शिस्त लावू पाहत होते, त्या पश्चिम महाराष्ट्राच्या पट्ट्यातला ऊस तोडायला दर हिवाळ्यात बीड जिल्ह्यातूनच कोयते निघतात. पाण्याचे वाटप चुकले की माणसांना स्थलांतर करावे लागते, हे दाखवायला याहून वेगळा पुरावा नको.

हैदराबादेहून ते नोव्हेंबर १९०९ मध्ये म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले, १९१२ ते १९१८ दिवाण होते. तो इतिहास सुपरिचित आहे. महाराष्ट्राशी त्यांचा संबंध मात्र तुटला नाही. मुंबईच्या तांत्रिक व औद्योगिक शिक्षणाच्या समितीचे ते अध्यक्ष होते, १९२६ साली बॅकबे भरणीच्या गाजलेल्या चौकशीतही ते सदस्य होते. १९५५ साली त्यांना भारतरत्न देण्यात आले.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि त्या लोंढ्याने खाली खडकवासल्याचे जुने धरणही फोडले. अर्धे पुणे पाण्याखाली गेले. तरुणपणी ज्या सांडव्यावर त्यांनी आपले दरवाजे चढविले होते, ते धरण असे गेले तेव्हा विश्वेश्वरय्या बंगळुरात शंभरीच्या घरात होते. खडकवासल्याचे धरण पुढे नव्याने बांधण्यात आले. त्याच्या पूर्ततेपूर्वीच, एप्रिल १९६२ मध्ये, त्यांनी जगाचा निरोप घेतला. मुद्देनहळ्ळीत त्यांचे स्मारक आहे.