होमी भाभा आणि तारापूर अणुऊर्जा केंद्र

होमी जहांगीर भाभा (३० ऑक्टोबर १९०९ – २४ जानेवारी १९६६) हे मुंबईत जन्मलेले भारतीय अणुशास्त्रज्ञ होत. तत्कालीन ठाणे, आताच्या पालघर जिल्ह्यातील बोईसरजवळचे तारापूर अणुऊर्जा केंद्र त्यांच्या पुढाकाराने उभे राहिले. तेथील पहिल्या दोन अणुभट्ट्यांत पाणी उकळते, अप्रकट उष्मा घेऊन वाफ टर्बाइन फिरवते आणि समुद्राच्या पाण्याने गार होऊन पुन्हा पाणी बनते. उष्मानलिकेतही बाष्पीभवन व संघननाचे असेच चक्र चालते. फक्त तेथे द्रव परत आणण्यास पंप लागत नाही, नळीच्या आतील सच्छिद्र अस्तर केशाकर्षणाने ते काम करते. तारापूरच्या या अणुभट्ट्यांना मात्र परदेशी समृद्ध युरेनियम लागे. स्वदेशी इंधनावर आधारलेल्या भाभांच्या तीन टप्प्यांच्या कार्यक्रमात ही निवड काहीशी विसंगतच होती. माँ ब्लांवरील विमान अपघातात भाभांचे निधन झाले. केंद्र १९६९ मध्ये कार्यान्वित झाले.