दादोबा पांडुरंग : व्याकरणकार आणि गावोगावच्या शाळांचे तपासनीस

आमच्या मंडळाच्या रविवारच्या मराठी वर्गात मुले विभक्ती आणि प्रयोग शिकू लागली की हमखास कंटाळतात. हे सगळे कोणी शोधून काढले, असा प्रश्न एखादे मूल विचारतेच. त्या प्रश्नाला द्यायचे पहिले नाव म्हणजे दादोबा पांडुरंग तर्खडकर. मराठीचे पाणिनी म्हणून ते आपल्याला माहीत असतात. खेड्यापाड्यांतल्या सरकारी मराठी शाळा नीट चालाव्यात म्हणून त्यांनी घालवलेली वर्षे मात्र फारशी कोणाच्या लक्षात नसतात. गुजरातेत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्यासारख्यांना तर त्यांच्याविषयी खास आपुलकी वाटायला हवी, कारण त्यांच्या आयुष्याला वळण लागले ते सुरतेत.

दादोबांचा जन्म ९ मे १८१४ रोजी मुंबईत झाला. घराण्याचे मूळ गाव वसईजवळचे तर्खड. मुंबईत त्या काळी शिक्षणाचा नवा उद्योग सुरू होत होता. १८२२ मध्ये स्थापन झालेली संस्था पुढे बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नावाने ओळखली जाऊ लागली. तिने मराठी व गुजराती पुस्तके छापली, पंतोजी तयार केले आणि १८२६ च्या सुमारास २४ शिक्षक तयार करून बाहेरगावी पाठवले. दादोबा याच सोसायटीच्या शाळेत शिकले. त्यांच्यापेक्षा दोनेक वर्षांनी मोठे असलेले बाळशास्त्री जांभेकर याच मंडळींपैकी.

१८३६ मध्ये, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, दादोबांचे महाराष्ट्र भाषेचे व्याकरण प्रसिद्ध झाले. हे पुस्तक निव्वळ पंडितांसाठी नव्हते. नव्या शाळांत शिकवायला पुस्तकच नव्हते, ती अडचण त्यातून दूर होणार होती. घरी बोलायची भाषा शाळेत नियमाने शिकवता येते, ही कल्पनाच तेव्हा नवी होती.

त्याच सुमारास माळव्यातील जावरा संस्थानात नबाबाचे शिक्षक म्हणूनही त्यांनी काम केले. आमचे इंदूरचे सभासद हे वाचून नक्कीच सुखावतील. पुढे सरकारी इंग्रजी शाळेतील नोकरीसाठी ते सुरतेला आले.

सुरतेतील पाच दद्दे

सुरतेत त्यांची गाठ दुर्गाराम मंछाराम या गुजराती शाळेच्या मेहताजींशी पडली. एक मराठी शिक्षक, एक गुजराती शिक्षक, दोघेही सरकारी पगारावर आणि दोघांच्याही मनात जातिभेद आणि अंधश्रद्धा यांविषयी तीव्र असमाधान. २२ जून १८४४ रोजी त्यांनी मित्रांसह मानवधर्म सभा सुरू केली. या मंडळींपैकी पाच जणांची नावे द या अक्षराने सुरू होत, म्हणून सुरतेत त्यांना पाच दद्दे म्हणत. मंत्रतंत्र करणाऱ्यांना ही मंडळी उघड आव्हान देत. गुजरातेतल्या समाजसुधारणेच्या इतिहासात या सभेचे नाव आरंभीच येते. तिच्या पायाशी एक मराठी माणूस होता, याचा आपण अभिमान बाळगतो. पण दुर्गारामांसारखे स्थानिक सोबती नसते तर ती सभा उभीच राहिली नसती, हेही आपण विसरू नये.

बोर्डाच्या शाळा

मधल्या काळात, १८४० मध्ये, सोसायटीचे काम सरकारने नेमलेल्या बोर्ड ऑफ एज्युकेशनकडे गेले होते. बोर्डात जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा हे तीन हिंदी सभासद होते. बोर्डाच्या हाती सोसायटीच्या ११५ देशी शाळा आल्या, शिवाय पुरंदर तालुक्यात शॉर्टरीड या अधिकाऱ्याने सुरू केलेल्या ६३ ग्रामशाळाही आल्या. एवढ्या शाळा मुंबईत बसून सांभाळणे शक्य नव्हते. गावोगाव जाऊन शाळा पाहणारा माणूस लागे, आणि पंतोजी तयार करणारा वर्गही लागे. ही दोन्ही कामे बाळशास्त्री पाहत होते. मे १८४६ मध्ये ऐन उमेदीत ते वारले. त्यांच्या जागी दादोबांना सुरतेहून बोलावण्यात आले.

शिक्षक तयार करणारा वर्ग म्हणजे नॉर्मल क्लास. तो आणि मराठी शाळांची देखरेख अशी दुहेरी जबाबदारी दादोबांवर पडली. गावात पूर्वीपासून खासगी पंतोजींच्या शाळा होत्याच. धुळपाटीवर अक्षरे, मोडी वाचन, पावकी-निमकीपासूनचे पाढे आणि हिशेब एवढे तिथे शिकवीत. पंतोजीला पालकांकडून धान्य आणि थोडे पैसे मिळत. सरकारी शाळेत मात्र छापील बालबोध पुस्तके, व्याकरण, भूगोल आणि गणित आले, आणि शिक्षकाला महिन्याचा पगार मिळू लागला. जागा बहुधा देवळाची, धर्मशाळेची किंवा चावडीची असे.

यात अडचण अशी की गावाला हिशेब आणि मोडी पुरेसे वाटत. पृथ्वी गोल आहे हे शिकून पोराचे काय भले होणार, हे पालकांना पटवणे तपासनिसालाच भाग असे. शिक्षक स्वतः पुस्तक समजून न शिकवता पाठ करून घेऊ लागला, तर जुनी शाळा आणि नवी शाळा यांत फरक उरत नसे. म्हणून तपासनिसाचे काम मुलांच्या परीक्षेपुरते नव्हते, शिक्षकालाही सुधारायचे होते. ज्याने व्याकरण लिहिले तोच ते शिकवणारे शिक्षक घडवतो आणि तोच शाळा तपासतो, असा योग क्वचित येतो. १८५० मध्ये व्याकरणाची दुसरी आवृत्ती निघाली, तीही याच वर्षांत.

मुंबईत याच काळात मोठा वाद पेटला होता. बोर्डाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा कल वरच्या वर्गातील थोड्या लोकांना इंग्रजीतून उत्तम शिक्षण द्यावे असा होता. कर्नल जर्व्हिस आणि तिघे हिंदी सभासद म्हणत होते की बहुसंख्य लोकांपर्यंत ज्ञान पोहोचवायचे तर ते त्यांच्याच भाषेतून पोहोचेल. पैसा थोडा होता आणि तो कुठे खर्चायचा, हा खरा प्रश्न होता. गावातल्या शाळा मराठीतच राहिल्या, यात या आग्रहाचा मोठा वाटा आहे.

या शाळांची एक उणीव सांगितलीच पाहिजे. त्या सरकारी म्हणजे सर्वांच्या, असे म्हटले तरी अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांना तिथे बसू दिले जात नसे. बोर्ड संपल्यानंतरही, १८५६ मध्ये, धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला आणि सरकारने गावाच्या रोषाला भिऊन त्याची बाजू घेतली नाही.

दादोबांना हा भेद मान्य नव्हता. १८४९ मध्ये मुंबईत परमहंस सभा सुरू झाली, तिचे ते प्रेरणास्थान होते. सभासद जातिभेद मोडण्याची प्रतिज्ञा करीत, ख्रिस्ती माणसाने केलेला पाव खात आणि मुसलमानाच्या हातचे पाणी पीत. पण हे सारे गुप्तपणे चाले. दिवसा गावकऱ्यांची मर्जी सांभाळून शाळा चालवायच्या आणि मनात जातच नको म्हणायचे, ही ओढाताण आम्हांला त्यांच्या चरित्रातली सर्वांत खरी गोष्ट वाटते. उघड बोलले असते तर शाळा ओस पडल्या असत्या. न बोलल्यामुळे ती मुले बाहेरच राहिली. ते चुकले की बरोबर होते, हे आज आपण सहज ठरवू नये. १८६० च्या सुमारास सभासदांची नावे बाहेर फुटली आणि सभा मोडली. त्यांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांनी १८६७ मध्ये प्रार्थना समाज स्थापन केला, तो मात्र उघडपणे.

पुढची वर्षे

१८५२ मध्ये दादोबा शिक्षण खाते सोडून अहमदनगरला डेप्युटी कलेक्टर झाले. १८५७ च्या धामधुमीत भिल्लांचा उठाव मोडल्याबद्दल सरकारने त्यांना रावबहादुर केले. आजच्या वाचकाला या किताबाचा आनंद होईलच असे नाही. बोर्ड १८५५ मध्ये बंद होऊन त्याचे काम नव्या शिक्षण खात्याकडे गेले. मोरोपंतांच्या केकावलीवर दादोबांनी लिहिलेली टीका यशोदा पांडुरंगी १८६५ मध्ये प्रसिद्ध झाली. आई यशोदा आणि वडील पांडुरंग यांची नावे त्यांनी त्या ग्रंथाला दिली. १७ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांचे निधन झाले.

दादोबांनी आत्मचरित्र लिहिले होते. ते पुढे १९४७ मध्ये गोव्याचे अभ्यासक अ. का. प्रियोळकर यांनी संपादित करून प्रसिद्ध केले. त्यातली हकीकत १८४६ पर्यंतची आहे, म्हणजे शाळांच्या कामाला लागण्यापाशी ते थांबते. माणसाने स्वतः लिहिलेले तेवढेच लक्षात राहते, म्हणून बहुधा त्यांची ती सहा वर्षे मागे पडली असावीत.

आमच्या रविवारच्या वर्गालाही शाळेची इमारत नाही. सतरंज्या अंथरतो आणि मुले बसतात. पुढच्या वेळी एखादे मूल विचारील की घरी बोलतो ती भाषा पुन्हा शिकायची कशाला, तेव्हा त्याला दादोबांची ही गोष्ट सांगावी. हा प्रश्न त्यांनी गावोगाव ऐकला होता, आणि तरीही ते पुढच्या गावी गेले होते.