रेनॉल्ड्स नंबरच्या मागचा माणूस

ऑसबोर्न रेनॉल्ड्स हे नाव आपल्याला सेकंड इयरला फ्लुइड मेकॅनिक्समध्ये भेटतं. दोन हजारच्या खाली लॅमिनार, चार हजारच्या वर टर्ब्युलंट, एवढं पाठ केलं की व्हायवा निघतो. (पेनवाला रेनॉल्ड्स वेगळा, त्याचा इथे काही संबंध नाही!) पण मेकॅनिकलवाल्यांनी खरं म्हणजे या माणसाला दुसऱ्याच एका कामासाठी रोज नमस्कार केला पाहिजे. आपल्या प्रत्येक गाडीची क्रँकशाफ्ट ज्या तेलावर तरंगते, ती कशी तरंगते हे त्याने गणिताने सांगितलं.

त्याचा जन्म २३ ऑगस्ट १८४२ चा, बेलफास्टचा. वडील धर्मोपदेशक आणि शाळेचे मुख्याध्यापक, शिवाय केंब्रिजचे गणिती. हे गृहस्थ फावल्या वेळात शेतीच्या अवजारांमध्ये सुधारणा करून पेटंटसुद्धा घ्यायचे! असे वडील असल्यावर मुलगा पुस्तक आणि पाना दोन्ही घेऊन वाढणारच. बालपण इंग्लंडमध्ये एसेक्समधल्या डेडहॅम गावी गेलं. आपल्याकडे आधी डिग्री आणि मग कुठेतरी कंपनीत ट्रेनी. रेनॉल्ड्सने उलटं केलं. १८६१ साली तो एडवर्ड हेज नावाच्या इंजिनियरच्या वर्कशॉपमध्ये उमेदवारीला लागला. तिथे त्याला जाणवलं की यंत्रांमध्ये जे घडतंय ते समजायला गणित पाहिजे, म्हणून तो नंतर केंब्रिजला गेला. १८६७ साली गणितात सातवा आला.

१८६८ मध्ये मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजला इंजिनियरिंगच्या प्रोफेसरची नवी जागा निघाली आणि ती पंचविशीतल्या या मुलाला मिळाली. त्याच वर्षी लग्न झालं आणि पुढच्याच वर्षी बायको वारली. दुसरं लग्न त्याने थेट १८८१ मध्ये केलं. मधली बारा वर्षं बहुतेक लॅबमध्येच गेली असावीत, असं आपलं मला वाटतं. शिकवणं मात्र मुलांच्या डोक्यावरून जायचं म्हणतात. फळ्यावर लिहिता लिहिता तो स्वतःच्याच विचारात हरवायचा. तरी इलेक्ट्रॉन शोधणारा जे. जे. थॉमसन याच वर्गात इंजिनियरिंग शिकत होता, तेव्हा सगळंच डोक्यावरून गेलं नसणार.

१८८३ साली त्याने काचेच्या नळीत रंगाची बारीक धार सोडून तो प्रसिद्ध प्रयोग छापला. तो सगळ्यांना माहीतच आहे, म्हणून पुढे जाते.

त्याच सुमारास लंडनमध्ये बोशँप टॉवर नावाचा इंजिनियर रेल्वेच्या आसासारख्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. वरून पितळी बेअरिंगचा भार, खालून तेलात बुडालेला फिरणारा शाफ्ट. त्याने बेअरिंगला वरून तेल घालायचं भोक पाडलं. मशीन सुरू केली तर भोकातून तेल आत जायच्या ऐवजी उसळून बाहेर! बूच मारलं, तेही उडालं. लाकडी खुंटी ठोकली, ती पण बाहेर आली. शेवटी त्याने तिथे प्रेशर गेज बसवला, तर काटा २०० पाउंडाच्या पलीकडे गेला. बेअरिंगवरचा सरासरी भार होता १०० पाउंड दर चौरस इंच. आणि कुठेही पंप नव्हता. मग हे प्रेशर आलं कुठून?

उत्तर रेनॉल्ड्सने १८८६ मध्ये दिलं. शाफ्ट बेअरिंगच्या अगदी मधोमध नसतो, थोडा एका बाजूला सरकलेला असतो. त्यामुळे फट एका बाजूला रुंद आणि पुढे निमुळती होत जाते. तेल चिकट, म्हणून फिरणारा शाफ्ट त्याला ओढत त्या निमुळत्या जागेत कोंबतो. कोंबलेलं तेल दाबलं जातं आणि तोच दाब शाफ्टला उचलून धरतो. धातू धातूला लागतच नाही. ऑलिव्ह ऑइल गरम होताना किती पातळ होतं, हेही त्याने मोजून हिशोबात घेतलं.

याचा आपल्या गाडीशी काय संबंध? डॅशबोर्डवरचा लाल तेलाचा दिवा! ऑइल पंपाचं काम तेल बेअरिंगपर्यंत नेणं, भार उचलायचं काम फट आणि शाफ्ट मिळून करतात. आणि दिवा किंवा गेज जे दाखवतो ते पंपाची ताकद नव्हे, तेलाला बाहेर पडताना किती अडथळा होतो ते. फट वाढली की अडथळा गेला.

आमच्या सातारच्या काकांनी जुन्या जीपचं इंजिन अंगणातच उघडून कनेक्टिंग रॉडचे शेल स्वतः बदलले. सुरू केल्यावर दिवा कसाबसा विझला, पण इंजिन तापल्यावर आयडलिंगला परत पेटला आणि खालून ठकठक यायला लागली. गल्लीतल्या सगळ्यांचं एकच मत, पंप गेला. नवीन पंप आला, फरक शून्य. मग एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी आधी सेंडर काढून तिथे मेकॅनिकल गेज लावला. दिवा खोटं बोलत नाही हे नक्की झालं. ऑइल लेव्हल बरोबर, फिल्टर नवा, रिलीफ व्हॉल्व्ह मोकळा. थंड असताना प्रेशर येतंय आणि तापल्यावर पडतंय म्हणजे सक्शनला हवा ओढत नाही, तेल कुठेतरी निसटतंय. त्यांनी ऑइल संप उतरवला, कॅप खोलल्या आणि क्रँकला मायक्रोमीटर लावला. क्रँक आधीच कुणीतरी दहा थाऊ ग्राइंड केलेली, आणि काकांनी घातलेले शेल स्टँडर्ड साइझचे!

आता रेनॉल्ड्सचं गणित लावून बघा. फटीतून निसटणारं तेल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. ०.०५ मिलिमीटरची फट ०.३० झाली तर फट सहापट, पण त्याच प्रेशरला गळती २१६ पट. एवढं तेल कुठला पंप देणार? अंडरसाइज शेल घातले आणि दिवा विझला. नशीब, पिन खरवडल्या नव्हत्या, नाहीतर क्रँक परत ग्राइंडिंगला गेली असती. मिस्त्रींनी रेनॉल्ड्सचं नाव ऐकलेलं नव्हतं, पण पंपाला हात न लावता आधी फट मोजायची हे त्यांना पक्कं माहीत होतं.

रेनॉल्ड्स एका विषयावर थांबणारा नव्हता. मल्टिस्टेज टर्बाइन पंपाचं पेटंट त्याने १८७५ मध्येच घेतलं होतं. ओल्या वाळूवर पाय ठेवला की ती भोवती कोरडी का दिसते, यावरसुद्धा त्याने अभ्यास केला. १८७७ मध्ये रॉयल सोसायटीचा फेलो, १८८८ मध्ये रॉयल मेडल. शेवटी विश्वाच्या रचनेबद्दल एक अवघड थिअरी मांडली, ती मात्र कुणी फारशी उचलून धरली नाही. तब्येत आणि बुद्धी दोन्ही थकत गेली, म्हणून १९०५ मध्ये तो निवृत्त झाला आणि २१ फेब्रुवारी १९१२ ला सॉमरसेटमधल्या वॉचेट गावी वारला.

रेनॉल्ड्स नंबर हे नाव त्याने स्वतः दिलेलं नाही, ते १९०८ मध्ये सॉमरफेल्ड या जर्मन शास्त्रज्ञाने दिलं. हा सॉमरफेल्ड म्हणजे बेअरिंगच्या चॅप्टरमध्ये ज्याचा नंबर येतो तोच. आणि रंगाच्या धारेची ती मूळ टाकी मँचेस्टर युनिव्हर्सिटीत अजून जपून ठेवलेली आहे.