खर्ड्याची माती आणि एडिंबरोचा डॉक्टर

खर्डा म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे लढाई उभी राहते. 11 मार्च 1795. सवाई माधवराव, नाना फडणवीस आणि खर्ड्याच्या किल्ल्यात आसऱ्याला गेलेला निजाम. शाळेत तो धडा मीही पाठ केला आहे. पण जामखेडहून खर्ड्याला जाताना हल्ली माझे लक्ष किल्ल्यापेक्षा विहिरींकडे जास्त असते. नव्याने खणलेल्या विहिरीत डोकावून पाहावे. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या आणि तळाशी सुरुंगाशिवाय न हलणारा काळा पाषाण. ही उतरंड पाहिली की मला एक स्कॉटिश माणूस आठवतो. खर्ड्याची लढाई झाली त्याच वर्षी त्याचा ग्रंथ बाहेर पडला. त्याचे नाव जेम्स हटन.

हटन 1726 साली एडिंबरोत जन्मला. वडील व्यापारी, ते लवकर गेले. घरच्यांनी पोराला वकिलाच्या कचेरीत उमेदवारीला बसवले, पण हा पठ्ठ्या कागद नकलण्याऐवजी सोबत्यांना रसायनांचे प्रयोग करून दाखवी. शेवटी वकिलानेच त्याला दुसरा धंदा पाहायला सांगितले. मग वैद्यकाचा अभ्यास, 1749 साली हॉलंडात लायडनला पदवी, आणि एवढे करून डॉक्टरकी त्याने केलीच नाही! एका मित्राबरोबर काजळीतून नवसागर काढण्याचा कारखाना मात्र त्याला चांगला फळला. आपल्या कल्हईवाल्याच्या पिशवीत असतो तोच हा नवसागर.

वडिलोपार्जित जमीन होती, म्हणून तो शेतीकडे वळला. आधी नॉरफोकमध्ये एका शेतकऱ्याकडे राहून काम शिकला, मग बेरिकशरमधल्या आपल्या रानात उतरला. दगड वेचले, चर खणले. तिथे त्याच्या ध्यानात आले की पावसागणिक शेतातली माती ओढ्याला लागते आणि ओढा ती समुद्राला नेतो.

हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. आमच्या बरडावरची माती एका वळवाने नेली त्या रात्री वडील जेवले नव्हते. 1972 च्या दुष्काळात याच भागात माणसे ताली घालत आणि खडी फोडत होती. माती गेली म्हणजे काय गेले, ते त्या पिढीला ठाऊक आहे. हटनला मात्र त्यापुढचा प्रश्न पडला. माती अशी सारखी जात असेल तर डोंगर संपून पृथ्वी उजाड कशी झाली नाही?

उत्तराचा अर्धा भाग त्याला खडकातच दिसला. ऊन, थंडी आणि पाणी खडकाला झिजवतात. त्यातूनच नवी माती होते. आपला काळा पाषाण म्हणजे सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी थरांवर थर साचलेला लाव्हा. त्याच्या भेगांत पाणी शिरते, कांद्यासारखे पापुद्रे सुटतात, मुळे फट रुंदावतात. खडकातली काही खनिजे पाण्याने बदलून चिकणमाती होतात. म्हणून काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात पाय जाईल एवढी भेगाळते. पण हे काम फार सावकाश चालते. बोटभर माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात, जायला एक पाऊस पुरतो.

उरलेला अर्धा भाग समुद्राच्या तळाशी होता. वाहून गेलेला गाळ तिथे थराथराने साचतो, दबतो, त्याचा खडक होतो, आणि पृथ्वीच्या पोटातली उष्णता तो पुन्हा वर उचलते. बालाघाटाच्या या अंगाची माती सीनेतून भीमेत, भीमेतून कृष्णेत जाते. धरणांत अडकला नाही तेवढा गाळ बंगालच्या उपसागरात पोचतो. लढाईच्या दिवशी घोड्यांच्या टापांनी उडालेली थोडीफार धूळही तिथल्या थरांत असेल.

शेती सोडून हटन एडिंबरोला आला. लग्न केले नाही, बहिणींबरोबर राहिला. अ‍ॅडम स्मिथ, जेम्स वॅट, जोसेफ ब्लॅक असे मित्र भोवती होते. 1785 साली त्याने आपला सिद्धांत तिथल्या रॉयल सोसायटीपुढे ठेवला. त्या दिवशी आजारी पडल्यामुळे पहिला भाग ब्लॅकने वाचला.

पुरावा 1788 साली मिळाला. जॉन प्लेफेअर आणि जेम्स हॉल यांना घेऊन तो होडीने सिकार पॉइंटच्या कड्याला गेला. खाली करड्या खडकाचे थर पुस्तके उभी ठेवावीत तसे उभे होते आणि त्यांच्यावर लाल वालुकाश्म तिरपा पसरलेला होता. म्हणजे एक गाळ साचला, खडक झाला, वर आला, कलंडला, झिजला आणि त्यावर दुसरा साचला. आज ते खालचे थर सुमारे 43 कोटी आणि वरचे 37 कोटी वर्षांचे मानतात. त्या काळी मात्र जगाचे वय सहाएक हजार वर्षे धरीत.

म्हणूनच 1793 साली आयर्लंडच्या रिचर्ड किरवानने त्याच्यावर धर्मबुडवेपणाचा आरोप केला. हटन तेव्हा मूत्राशयाच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेला होता. तशाही अवस्थेत त्याने 1795 साली दोन खंड छापून काढले. ग्रंथ अतिशय क्लिष्ट आहे; माझ्याने तरी सलग वाचवला नाही. 26 मार्च 1797 रोजी तो वारला. 1802 साली प्लेफेअरने त्याचे म्हणणे सोप्या भाषेत मांडले, तेव्हा कुठे ते लोकांपर्यंत गेले.

एडिंबरोच्या ग्रेफ्रायर्स दफनभूमीत त्याला पुरले. तिथे त्याच्या नावाचा दगड बसायला 1947 साल उजाडले.