प्राध्यापक आन्द्रेई मार्कोव्ह

अ, ब, क, ड या अक्षरांचे दोन-दोनांचे गट पाडा, असें सांगितलें असतां आमचे विद्यार्थी अब व कड असे गट पाडतील. परंतु कोणत्या अक्षरामागून कोणतें येतें हें पाहावयाचें असेल, तर अब, बक, कड अशा एकमेकींत गुंतलेल्या जोड्या पाडाव्या लागतात. नाहीं तर ब व क यांचा संबंध नजरेआड होतो. अशा जोड्यांस ज्यांनीं गणितांत मानाचें स्थान दिलें, त्यांचें चरित्र येथें थोडक्यांत देत आहों.

मार्कोव्ह यांचा जन्म रशियांतील र्‍याझान येथें १८५६ सालीं झाला. गुडघ्याच्या विकारामुळें वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत ते कुबड्या घेऊन चालत. शाळेंत गणितावांचून इतर विषयांत त्यांची गति बेताचीच होती. (हें वाचून कोणीं इतर विषय सोडूं नयेत!) पुढें सेंट पीटर्सबर्ग विश्वविद्यालयांत चेबिशेव्ह यांच्या हाताखालीं शिकून ते तेथेंच प्राध्यापक झाले.

मॉस्कोचे गणिती नेक्रासोव्ह हे धर्मशिक्षण घेतलेले गृहस्थ. घटना परस्परांपासून स्वतंत्र असतील तरच त्यांची सरासरी स्थिर राहते, असें त्यांचें मत. आणि मनुष्यांच्या कृत्यांची सरासरी वर्षानुवर्षें स्थिर दिसते, त्याअर्थीं मनुष्याची इच्छा स्वतंत्र आहे, असा निष्कर्ष त्यांनीं काढला. सांखळीच्या कड्यांप्रमाणें एकमेकींवर अवलंबून असलेल्या घटनांचीही सरासरी स्थिर राहूं शकते, हें मार्कोव्ह यांनीं १९०६ सालीं सिद्ध केलें. मार्कोव्ह नास्तिक होते. १९१२ सालीं आपणांस चर्चमधून काढून टाकावें, असा अर्जही त्यांनीं केला. हें या पानांवर द्यावें कीं नाहीं, याविषयीं आम्ही क्षणभर घुटमळलों. परंतु ईश्वरानें मनुष्यास दिलेल्या स्वातंत्र्यास चुकीच्या प्रमेयाचा टेकू नको. तो काढला गेला हें बरेंच झालें.

१९१३ सालीं त्यांनीं पुष्किन कवीच्या 'येव्गेनी ओनेगिन' काव्यांतील आरंभींचीं २०,००० अक्षरें घेतलीं. रशियन लिपींत स्वरांचीं अक्षरें वेगळीं लिहितात. स्वर ८,६३८ व व्यंजनें ११,३६२ भरलीं. मग प्रत्येक अक्षर पुढील अक्षराशीं जोडून पाहतां स्वरापुढें स्वर शेंकडा सुमारें १३ वेळां, तर व्यंजनापुढें स्वर शेंकडा ६६ वेळां आढळला. अक्षरें परस्परांपासून स्वतंत्र असतीं तर दोन्हींकडे शेंकडा ४३ आले असते. आज संगणकाच्या पायथॉन भाषेंत 'पेअरवाइज' या एका आज्ञेनें कोणत्याही यादीच्या अशा जोड्या निमिषांत पडतात; मार्कोव्ह यांनीं ही मोजणी हातानें केली.

१९१७ च्या क्रांतीनंतर त्यांनीं आपणांस एखाद्या मागासलेल्या गांवीं पाठवावें, अशी मागणी केली. झारायस्क या लहान गांवच्या शाळेंत त्यांनीं विनावेतन गणित शिकविलें. परतल्यावर डोळ्यांवर शस्त्रक्रिया करावी लागली. १९२१ सालीं धड उभें राहवत नसतांही ते विश्वविद्यालयांत व्याख्यानें देत होते. पुढल्याच वर्षीं त्यांचें निधन झालें.