लोहाराचा मुलगा जस्टिन मॉरिल

अमेरिकेंतील व्हर्मॉन्ट ह्या डोंगराळ संस्थानांत स्ट्रॅफर्ड म्हणून एक खेडें आहे. तेथें एका लोहाराच्या घरीं ता. १४ एप्रिल १८१० रोजीं जस्टिन मॉरिल ह्याचा जन्म झाला. मुलगा बुद्धिमान व वाचनाचा नादी; परंतु भावंडें पुष्कळ आणि भात्यावरची मिळकत बेताची. पंधराव्या वर्षाच्या सुमारास शाळा सुटली व जस्टिन एका दुकानांत कारकून झाला. कॉलेजाची हौस त्यानें मिळेल तें पुस्तक वाचून भागविली.

कांहीं काळ पोर्टलंड बंदरीं नोकरी करून तो गांवीं परतला. तेथील न्यायाधीश हॅरिस ह्यांनीं त्यास आपल्या दुकानदारींत भागीदार करून घेतलें. धंदा वाढला, आणि १८४८ सालीं, अवघ्या अडतिसाव्या वर्षीं, मॉरिल त्यांतून निवृत्त झाले. पैसा पुरे झाला असें ज्यास वाटतें असा व्यापारी विरळाच!

१८५५ सालीं ते काँग्रेसचे, म्हणजे तेथील कायदेमंडळाचे, सभासद झाले. त्या काळचीं बहुतेक कॉलेजें धर्मोपदेशक, वकील व वैद्य तयार करीत. शेतकऱ्याच्या पोरास तेथें जागा कोठली? मॉरिल ह्यांनीं १८५७ सालीं बिल आणिलें, तें असें: प्रत्येक संस्थानाचे काँग्रेसमध्यें जितके सभासद असतील, त्या दर सभासदामागें २०,००० एकर सरकारी जमीन त्या संस्थानास द्यावी, ती विकून निधि उभारावा, आणि त्याच्या व्याजावर शेतकी व यंत्रविद्या शिकविणारें कॉलेज चालवावें. भाषा व इतर शास्त्रेंही तेथें वर्ज्य नसावींत, हा त्यांचा आग्रह मला विशेष मोलाचा वाटतो. दोन वर्षांनीं बिल थोड्या मतांनीं मंजूर झालें. पण प्रेसिडेंट ब्यूकॅनन ह्यांनीं तें नामंजूर केलें. मॉरिल ह्यांनीं तें पुन्हा मांडिलें, आणि यादवी युद्धाच्या धामधुमींत, ता. २ जुलै १८६२ रोजीं, लिंकन ह्यांनीं त्यावर सही केली.

येथें एक गोष्ट झांकून ठेवितां येत नाहीं. ही "सरकारी" जमीन मूळची तेथील आदिवासी लोकांची होती. कोठें बळानें, कोठें नाममात्र मोबदला देऊन ती त्यांजकडून काढून घेण्यांत आली होती. एकाच्या मुलांना विद्येचें दार उघडलें तें दुसऱ्याच्या पायांखालची भूमि विकून.

१८९० सालच्या दुसऱ्या कायद्यानें ह्या कॉलेजांस वार्षिक पैसा मिळूं लागला. प्रवेशांत वर्णभेद करूं नये, किंवा निग्रो विद्यार्थ्यांसाठीं निराळें कॉलेज काढावें, अशी त्यांत अट होती. दक्षिणेनें निराळीं कॉलेजें काढिलीं, मात्र त्यांच्या वांट्यास पैसा फारच थोडा आला. तथापि आयोवा संस्थानांत निराळें घडलें. १८६२ चा कायदा सर्वांआधीं पत्करणारें संस्थान तेंच. गुलामगिरींत जन्मलेल्या ज्या तरुणास केवळ वर्णामुळें एका कॉलेजानें दारांतून परत पाठविलें होतें, त्यास तेथील शेतकी कॉलेजानें १८९४ सालीं पदवी दिली. तो तरुण म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर.

आपल्याकडे १९६० सालीं पंतनगर येथें आणि १९६८ सालीं राहुरी येथें कृषि विद्यापीठें निघालीं, तींही ह्याच नमुन्यावर.

मॉरिल १८६७ पासून सीनेटचे सभासद होते. ता. २८ डिसेंबर १८९८ रोजीं, वयाच्या ८८ व्या वर्षीं, त्याच अधिकारावर असतां त्यांस मृत्यु आला. त्यांचें दफन स्ट्रॅफर्ड येथें झालें.